लखोट्यावर ‘गोपनीय’

नोव्हेंबर १९३४ : ९ ऑगस्ट १९४२ च्या पावणेआठ वर्षे आधी

हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव एम. जी. हॅलेट दिल्लीहून प्रांतिक सरकारांना एक गोपनीय परिपत्रक पाठवतात. विषय आहे गांधीजींची नवी ग्रामोद्योग संस्था. ग्रामोद्योग हे वरचे आवरण आहे, आत पुढच्या कायदेभंगासाठी खेड्यांत पाय रोवण्याचा बेत आहे, असा परिपत्रकाचा संशय. अधिकाऱ्यांनी लक्ष ठेवावे.

१४ डिसेंबरला वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होतो. जागा जमनालाल बजाजांनी दिलेली मगनवाडी. चिटणीस जे. सी. कुमारप्पा. काम तेलघाणी, गूळ, हातसडीचा तांदूळ आणि हातकागद यांचे.

१९३५ च्या सुरुवातीला हॅलेट यांचे परिपत्रक वर्तमानपत्रांत येते. सरकारी कपाटातून ते कुणी बाहेर काढले, हे छापलेले नाही. एवढेच कळते की घाणीचे तेल काढणाऱ्यांवर पाळत ठेवण्याचा हुकूम दिल्लीहून सुटला होता आणि तो वाचून कुणातरी नोकराला गप्प बसवले नाही.

हे नाव लक्षात ठेवावे. १९४२ साली हेच हॅलेट संयुक्त प्रांताचे गव्हर्नर असतील.

मंगळवार, १४ जुलै १९४२ : २६ दिवस बाकी

वर्धा. काँग्रेस कार्यकारिणीची बैठक ६ तारखेपासून चालू आहे. वर्ध्याचे यजमान जमनालाल फेब्रुवारीत वारले, बैठक त्यांच्याशिवाय. बाहेर युद्ध आहे. ८ मार्चला रंगून पडले, मार्चअखेर अंदमान जपानच्या हाती गेले, ६ एप्रिलला विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले.

नवव्या दिवशी ठराव होतो. ब्रिटिश सत्तेने हिंदुस्थानातून निघावे. हे मानले नाही तर गांधीजींच्या नेतृत्वाखाली अहिंसक लढा. अंतिम निर्णय काँग्रेसच्या महासमितीचा, मुंबईत, ७ ऑगस्टला.

ठराव वर्तमानपत्रांना दिला जातो. मागणी, जागा, तारीख, पुढारी, सगळे छापून येते. ज्याच्याविरुद्ध लढायचे त्यालाच तीन आठवडे आधी वेळापत्रक दिलेले आहे.

ठरावानंतर गांधीजींच्या शिष्या मीराबेन दिल्लीला जातात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना ठरावाचा अर्थ समजावून सांगायचा, हे काम. व्हाइसरॉय भेट नाकारतात. बंडाची भाषा करणाऱ्यांच्या दूताला भेट नाही. खाजगी सचिव लेथवेट यांच्याशी बोलून त्या परततात.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाच्या दफ्तरात टेलिफोन आहे. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलता यावे म्हणून सरकारनेच तो बसवला, असे आश्रमात आजही सांगतात. मीराबेन रिकाम्या हाताने परत आल्या, ही पहिली सूचना होती. सेवाग्रामला ती भेटीचा नकार एवढीच वाटली. बोलणी संपलेली आहेत, असा तिचा अर्थ कुणी घेतला नाही.

शुक्रवार, १७ जुलै : २३ दिवस बाकी

दिल्ली. माहिती व नभोवाणी खात्याचे सचिव सर फ्रेडरिक पकल यांची सही असलेले परिपत्रक प्रांतांच्या मुख्य सचिवांना निघते. शेरा ‘गोपनीय’.

वर्ध्याचा ठराव तीन दिवसांपूर्वीचा आहे. पकल हिशेब मांडतात. महासमितीच्या बैठकीला तीन आठवडे आहेत, तेवढ्या वेळात लोकमत ठरावाच्या विरोधात उभे करायचे. जे सरकारच्या बाजूने बोलतील त्यांना बळ द्यायचे. जे डळमळीत आहेत त्यांना ओढायचे. काँग्रेसवाल्यांचा निर्धार मात्र आणखी घट्ट होईल असे काही करायचे नाही. मार्गही दिले आहेत: भाषणे, स्थानिक पत्रांना पत्रे, पत्रके, भित्तिचित्रे, कानगोष्टी पसरवणे. सरकारचे नाव पुढे न येता हे व्हावे. जोडीला त्याच खात्यातले डी. सी. दास यांचे पत्र आहे. सुचवलेल्या व्यंगचित्रांपैकी एकात हिटलर, मुसोलिनी आणि तोजो ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून काँग्रेसच्या ठरावाला मत देत आहेत.

या परिपत्रकात सैन्याची ठाणी नाहीत, जहाजांच्या वेळा नाहीत, दारूगोळ्याचे आकडे नाहीत. जपानी सेनापतीला त्याचा कवडीचा उपयोग झाला नसता. ते ज्यांच्यापासून लपवायचे होते ते लोक वर्ध्यात, नागपुरात, पुण्यात राहत होते, आणि त्यांच्याच कराच्या पैशातून त्यांच्या कानात कुजबुजायचे होते.

जुलैचा उत्तरार्ध

एका गोपनीय परिपत्रकाला किती हात लागतात ते मोजून पाहावे. मसुदा लिहिणारा, टंकलेखक, ताडून पाहणारा, जावक नोंदवणारा, लखोटा बंद करणारा. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांत ११. प्रत्येक प्रांतात आवक नोंदवणारा, फाइल उघडणारा, वरिष्ठांपुढे ठेवणारा आणि पुढे जिल्ह्यांना नक्कल पाठवायची तर तिचा वेगळा टंकलेखक. यातले बहुतेक हात हिंदी माणसांचे.

त्यांतल्या एका हाताने हा कागद बाहेर काढला.

त्याच्यापुढे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा उभा होता. त्याच्या पाचव्या कलमात गुन्हा दोघांचा: माहिती देणाऱ्याचा, आणि ती तशी आहे हे ठाऊक असून घेणाऱ्याचाही. शिवाय युद्धकाळातले भारत संरक्षण नियम. नोकरी, पेन्शन, घर, अब्रू, सगळे एका लखोट्यावर लावायचे होते. पकडला गेला असता तर फितूर म्हणून, तेही शत्रू सीमेवर असताना.

फितुरीचा आरोप हलका नाही आणि तो झटकून टाकू नये. त्याच महिन्यात, त्याच कपाटातून एखाद्याने कलकत्त्याच्या बंदरातल्या जहाजांची यादी जपान्यांना दिली असती, तर माणसे बुडाली असती, आणि देणाऱ्याला देशद्रोही म्हणण्याला पर्याय नव्हता. कपाट तेच, शिक्का तोच, कायदाही तोच. फरक दोनच गोष्टींत आहे: गुपित कुणापासून राखले होते आणि ते कुणाच्या हाती दिले. कायद्याचा शिक्का हा फरक पाहत नाही. पाहायचा तर तो नोकरालाच पाहावा लागतो, एकट्याने, कुणाला न विचारता.

पुढे १९७१ साली अमेरिकेत डॅनियल एल्सबर्ग याने व्हिएतनाम युद्धाचे गोपनीय कागद वर्तमानपत्रांना दिले आणि काही दिवसांतच ते उघडपणे कबूल केले. त्याच्यावर खटला झाला, तो न्यायाधीशाने फेटाळला. एल्सबर्गला निदान न्यायालय होते, वकील होते, छापायला तयार असलेली पत्रे होती. १९४२ च्या हिंदी नोकराला यांतले काही मिळाले नसते. म्हणून त्याच्या नाव न सांगण्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

बुधवार, २९ जुलै : ११ दिवस बाकी

दुसऱ्या बाजूलाही गुपिते आहेत. आंध्र प्रांतिक काँग्रेस समितीचे एक परिपत्रक या दिवशी निघते. लढा सुरू झाला तर काय करायचे याची टप्प्याटप्प्याची यादी. तारा तोडणे तिच्यात आहे. रूळ उखडू नयेत, जीवितहानी होऊ नये अशी बजावणीही आहे. हे परिपत्रक सरकारच्या हाती लागते.

म्हणजे ऑगस्ट उजाडण्याच्या आत दोन्ही बाजूंचे गोपनीय कागद एकमेकांकडे पोचण्याच्या वाटेवर आहेत. एक कागद आपल्या लोकांना सावध करण्यासाठी उघड होणार आहे. दुसरा सरकारच्या फाइलीत राहील आणि योग्य वेळी बाहेर काढला जाईल.

सोमवार, ३ ऑगस्ट : ६ दिवस बाकी

गांधीजी वर्ध्याहून मुंबईत पोचतात. बरोबर कस्तुरबा आणि सचिव महादेव देसाई. मुक्काम बिर्ला हाऊस. सेवाग्राममध्ये कामे नेहमीसारखी वाटून दिलेली आहेत. दोन-तीन आठवड्यांत परत यायचे आहे.

महादेवभाई परत येणार नाहीत. कस्तुरबाही नाहीत.

मंगळवार, ४ ऑगस्ट : ५ दिवस बाकी

सरकार स्वतःच काही कागद प्रसिद्ध करते. २६ मे रोजी पोलिसांनी अलाहाबादच्या काँग्रेस कचेरीवर छापा घालून नेलेले कागद. त्यांत एप्रिलअखेरच्या कार्यकारिणी बैठकीतल्या चर्चेची टिपणे आहेत. कोण काय बोलले, गांधीजींच्या मसुद्यावर जवाहरलालांचे आक्षेप काय, हे सगळे. टिपणे अधिकृत नव्हती, बोलणाऱ्यांनी तपासलेली नव्हती. गांधीजींना जपानचा जय होणार असे वाटते, हा त्यातून काढायचा निष्कर्ष. नेहरू लगेच निवेदन काढून टिपणे तुटक आणि दिशाभूल करणारी असल्याचे सांगतात.

पकल यांनी मागितलेले तीन आठवडे असे वापरले जात आहेत. दुसऱ्याच्या बंद खोलीतली चर्चा, छाप्यात नेलेली, सोयीच्या दिवशी छापलेली. तिला कुणी फितुरी म्हटले नाही, कारण ती सरकारने फोडली होती. गुपित फोडणे हा गुन्हा आहे की नाही, हे जर फोडणारा कोणत्या खुर्चीवर बसला आहे यावर ठरत असेल, तर कारकुनाला त्या कायद्याने नैतिक धडा देण्याचा अधिकार त्या खुर्चीला उरत नाही. असे मला वाटते, आणि १९४२ पुरतेच वाटत नाही.

महासमितीच्या बैठकीच्या तोंडावर

पकल यांचे परिपत्रक गांधीजींच्या हातात आलेले आहे. गांधीजी ते प्रसिद्धीला देतात, दास यांच्या पत्रासह, वर स्वतःचे निवेदन जोडून.

निवेदनात ते लपवाछपवी करत नाहीत. कागद गुप्त आहेत हे त्यांना ठाऊक आहे, मित्रांनी ते पुरवले हे ते सांगतात, मित्रांची नावे सांगत नाहीत. महादेवभाईंनी त्यांना आठवण करून दिलेली असते: सात वर्षांपूर्वी हॅलेट यांचे परिपत्रक असेच हाती आले होते. स्वामी श्रद्धानंदांनाही एकदा असा कागद मिळाला होता, हेही ते नोंदवतात. एक निरुपद्रवी, उघड चळवळ दडपायला सरकार कोणत्या थराला जाते हे लोकांना कळणे चांगले, म्हणून हे छापत आहे, असा त्यांचा युक्तिवाद.

इथे थांबायला हवे. गुप्तता हे पाप आहे, असे आयुष्यभर सांगणारा माणूस गुप्तपणे मिळालेला कागद छापतो आहे. विसंगती दिसते, पण मला ती खरी वाटत नाही. गांधीजींनी चोरलेला कागद स्वतःजवळ ठेवून त्यावरून डाव आखला नाही. मिळाला तसा सगळ्यांपुढे ठेवला, ज्यांचा होता त्यांच्यापुढेसुद्धा. जपून ठेवला असता तर ते हेरगिरीसारखे झाले असते.

पण परिपत्रकातली एक ओळ त्यांनी, आणि बहुतेक सगळ्यांनीच, अपुरी वाचली. तीन आठवडे. पकल यांनी तीन आठवडे प्रचारासाठी मागितले होते. ते संपल्यावर काय, हे परिपत्रकात नव्हते. ज्या सरकारने दिवस मोजायला सुरुवात केली आहे त्याने शेवटच्या दिवसासाठीही काही ठरवले असणार, हा प्रश्न त्या कागदातून निघत होता. चर्चा मात्र कानगोष्टींची आणि व्यंगचित्रांची झाली.

शेवटच्या दिवसाचे ठरले होते. महासमितीने ठराव मंजूर केला की पुढाऱ्यांना लगेच उचलायचे, हे प्रांतांना कळवलेले होते. गांधीजींना एडनला आणि कार्यकारिणीला पूर्व आफ्रिकेत हलवण्याचा विचारही दिल्ली आणि लंडनमध्ये झाला होता. तो सोडून देण्यात आला. हे कागद कुणी फोडले नाहीत.

शनिवार, ८ ऑगस्ट : शेवटचा दिवस

मुंबई, गवालिया टँक. बैठकीचा दुसरा दिवस. ठराव मताला टाकला जातो. विरोधात १३ हात.

त्यानंतर गांधीजी बोलतात, आधी हिंदीत, मग इंग्रजीत, रात्री उशिरापर्यंत. त्या भाषणातला ‘करेंगे या मरेंगे’ सर्वांना पाठ आहे. सरकारी नोकरांना उद्देशून ते काय बोलले, ते फारसे कुणी काढत नाही.

त्यांनी राजीनामा मागितला नाही. न्यायमूर्ती रानड्यांचे उदाहरण दिले. रानडे सरकारी न्यायाधीश होते, तरी आपण काँग्रेसचे आहोत हे त्यांनी लपवले नाही, आणि न्यायासनावर बसल्यावर आपल्या मतांना न्यायाच्या आड येऊ दिले नाही. तसे सरकारी नोकरांनी उघडपणे सांगावे की आम्ही काँग्रेसचे आहोत. पकल यांच्या गुप्त परिपत्रकाला हे त्यांचे उत्तर असावे.

पकल यांचे नाव त्या भाषणात आहे. ज्या अनामिकाने कागद दिला तो त्या वेळी कुठल्यातरी शहरात होता, सोमवारी कचेरीत जायचे होते, आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाचून त्याला कळले असते की त्याचा कागद त्या सभेपर्यंत पोचला. त्याच भाषणात गांधीजी म्हणतात की यापुढे काही गुप्त करायचे नाही. म्हणजे ते त्याच्याकडून कागद मागत नाहीत. त्याहून अवघड गोष्ट मागत आहेत: त्याचे नाव.

आणखी एक वाक्य. लढा आज सुरू होत नाही. आधी व्हाइसरॉयला भेटायचे, त्यात दोन-तीन आठवडे जातील.

शनिवार, ८ ऑगस्ट, त्याच दिवशी दिल्ली

व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ ठराव काढते. काँग्रेसची बेकायदा आणि काही बाबतींत हिंसक तयारी काही दिवसांपासून सरकारला माहीत आहे, असे त्यात म्हटले आहे. दळणवळण तोडणे, संप घडवणे, आणि सरकारी नोकरांची निष्ठा पोखरणे.

त्याच दिवशीचा दुसरा हुकूम वर्तमानपत्रांना आहे. महासमितीने मान्य केलेल्या चळवळीसंबंधी कोणतीही प्रत्यक्ष बातमी सरकारी गोटातून, ठरावीक वृत्तसंस्थांकडून किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदलेल्या बातमीदाराकडून आली तरच छापता येईल.

अटक व्हायला अजून एक रात्र आहे. बातमीला कुलूप आजच लागले.

शनिवार रात्र : काही तास बाकी

मौलाना आझाद बैठकीहून भुलाभाई देसाईंच्या घरी परततात. ते तिथे उतरले आहेत. आझादांचे एक नातेवाईक वाट पाहून, भुलाभाईंकडे निरोप ठेवून गेलेले असतात. मुंबई पोलिसांतल्या एका मित्राने त्यांना सांगितले आहे: सकाळी सगळ्या पुढाऱ्यांना अटक होणार, आणि त्यांना देशाबाहेर, बहुधा दक्षिण आफ्रिकेत, नेणार.

हा दुसरा अनामिक. पोलिसाच्या गणवेशातला. त्याची पहिली बातमी अक्षरशः खरी होती. दुसरी खोटी ठरली, पण हवेतली नव्हती. हद्दपारीचा विचार खरोखर झाला होता.

आझाद थकलेले आहेत. अशा अफवा त्यांनी आधीही ऐकल्या आहेत. बातमी खरी असेल तर मोकळे असण्याचे मोजके तास उरले, ते तर्क करण्यात घालवण्यापेक्षा जेवून झोपावे, असे ते ठरवतात. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे सरळ लिहून ठेवले आहे.

बिर्ला हाऊसमध्ये रात्रभर टेलिफोन वाजतो. अटक होणार, असे सांगणारे फोन. महादेवभाई ते घेतात. गांधीजींचे मत ठाम आहे: आजच्या भाषणानंतर मला ते अटक करणार नाहीत.

कुणालाही निरोप पाठवला जात नाही. प्रांतांना सूचना नाहीत, वर्ध्याला तार नाही. सत्याग्रहींसाठी सूचनांचा मसुदा गांधीजींनी तयार केला होता; तो वाटला गेला नाही. उघड लढाईत लपून तयारी करायची नाही, हे त्यांचे तत्त्व होते आणि ते मला मान्य आहे. पण त्या रात्री कार्यकर्त्यांना कामाची यादी सांगायला काहीही लपवावे लागले नसते.

रविवार, ९ ऑगस्ट, पहाटे ४ च्या थोडे आधी

आझादांच्या पायाला कुणीतरी स्पर्श करते. भुलाभाईंचे चिरंजीव धीरूभाई, हातात कागद. पोलीस उपायुक्त वॉरंट घेऊन व्हरांड्यात थांबले आहेत.

पहाटे ५ च्या सुमारास

पोलीस आयुक्त बिर्ला हाऊसवर येतात. वॉरंट तिघांवर: गांधीजी, महादेव देसाई, मीराबेन. कस्तुरबा आणि सचिव प्यारेलाल यांच्यावर नाही. त्यांना हवे तर बरोबर यावे. तयारीला अर्धा तास.

शेळीचे दूध, फळांचा रस, प्रार्थना. कस्तुरबा मागे राहतात. संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजी बोलणार होते, तिथे त्या बोलणार. त्यांनाही त्या संध्याकाळी अटक होईल.

बोरीबंदरला विशेष गाडी उभी आहे. गाडीत आझाद गांधीजींना पाहतात. इतके खिन्न त्यांना आपण कधी पाहिले नव्हते, असे त्यांनी लिहिले आहे. अटक इतक्या लगेच होईल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

चिंचवडला गांधीजींना उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेतात. कार्यकारिणी पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात. त्याच दिवशी वर्ध्याजवळ पवनारला विनोबांना अटक.

त्यानंतरचे दिवस

वर्धा जिल्ह्याला आता कोण काय सांगणार? पुढारी आत. छापील बातमी फक्त सरकारमान्य.

तेवढ्यात लंडनहून भारतमंत्री अ‍ॅमरी यांचे भाषण येते. काँग्रेसने काय काय योजले होते याची ते यादी देतात: उद्योगांत, कचेऱ्यांत, न्यायालयांत, शाळा-कॉलेजांत संप, वाहतूक रोखणे, तारा आणि टेलिफोन तोडणे, सैन्यभरतीच्या जागी निदर्शने. ही बातमी सरकारमान्य असल्यामुळे सगळीकडे छापली जाते. ज्यांच्यापर्यंत काँग्रेसचा एकही आदेश पोचलेला नाही त्यांना कार्यक्रम कळतो, तो भारतमंत्र्यांच्या तोंडून. त्यातली काळजीची वाक्ये, जीवितहानी नको ही बजावणी, तेवढी भाषणात येत नाही.

शनिवार, १५ ऑगस्ट, सकाळी ८ वाजून ४० मिनिटे

आगाखान पॅलेस. महादेव देसाई हृदयविकाराने जातात. वय ५०. ज्यांनी हॅलेट परिपत्रकाची आठवण करून दिली, ज्यांनी रात्रभर टेलिफोन घेतले, ते. अटकेला सहा दिवस झाले आहेत.

रविवार, १६ ऑगस्ट. नागपंचमी

आष्टी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी जागा झालेला परिसर. लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर जातात. ठाण्यातून गोळीबार होतो, गावातली माणसे पडतात. जमाव उलटतो. ठाणेदार आणि त्याचे शिपाई मारले जातात. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूरलाही हेच घडते. तिथे सरकारी अधिकारी मारले जातात.

मेलेले पोलीस हिंदी होते. मेलेले गावकरीही. अहिंसेचा कार्यक्रम ज्या जिल्ह्यात लिहिला गेला, त्याच जिल्ह्यात हे झाले, आणि त्या कार्यक्रमाची प्रत आष्टीला कुणी पोचवू शकले नव्हते.

मग पलटण आली.

नोव्हेंबर १९४२ ते जानेवारी १९४३

चिमूरमध्ये पलटणीने बायकांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागतात. सरकार चौकशी नाकारते. सेवाग्राम आश्रमाचे प्रा. जे. पी. भन्साळी दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंडळातले सदस्य, यवतमाळचे बापूजी अणे यांच्या दारात जाऊन चौकशी मागतात, चिमूरकडे पायी निघतात, पोलीस त्यांना धरून सेवाग्रामला आणतात. ११ नोव्हेंबरपासून उपास.

उपासाच्या बातमीवरही बंदी. ६ जानेवारीला देशभरची अनेक वर्तमानपत्रे निषेध म्हणून एक दिवस निघत नाहीत. १२ जानेवारीला ६३ व्या दिवशी तडजोड होऊन उपास सुटतो.

पाच महिन्यांपूर्वी एक परिपत्रक बाहेर आले होते, तेव्हा सरकारी नोकरांची निष्ठा धोक्यात असल्याचा गजर झाला होता. चिमूरमध्ये काय घडले ते ज्यांनी पाहिले, नोंदवले, फाइलीत लावले, त्यांच्यातही सरकारी नोकर होते. त्यांची निष्ठा अबाधित राहिली. एका आश्रमवासीयाला ६३ दिवस अन्न सोडावे लागले ते त्या निष्ठेमुळे. फोडणाऱ्याने केलेली हानी मोजणारे न फोडणाऱ्यांची हानी कधी मोजत नाहीत. आष्टी-चिमूरचा हिशेब मांडताना ती मोजली पाहिजे.

१९४५ आणि पुढे

आष्टी-चिमूर खटल्यांतल्या फाशीच्या शिक्षांविरुद्ध नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी मोहीम चालवली. १९४५ साली उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. आष्टीच्या नावापुढे ‘शहीद’ लागले. पकल यांचा कागद देणाऱ्याचे नाव स्वातंत्र्यसैनिकांच्या कुठल्या यादीत नाही, आणि पोलिसांतल्या त्या मित्राचेही नाही.

१९२३ चा कायदा स्वतंत्र भारताने ठेवून घेतला. १९६७ साली शिक्षा वाढवली. २००६ साली दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तो रद्द करण्याची शिफारस केली. तो रद्द झालेला नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये एक पोटकलम आहे: लोकहित जड असेल तर या गुपितांच्या कायद्याची आडकाठी असूनही माहिती देता येते. मात्र ती देण्याचा निर्णय कचेरीचा, कारकुनाचा नव्हे. आतून गैरप्रकार सांगणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला. राष्ट्रपतींची सही झाली. तो अमलात आणण्याची अधिसूचना अद्याप निघालेली नाही.